मांडवाचे स्वप्न

तुळशीचे लग्न लागले, की आमच्या इंदुरातील मंगल कार्यालयांच्या दारांवर झेंडूच्या माळा चढू लागतात, आणि त्याबरोबरच घरोघरच्या अविवाहित मुलामुलींचे तोंड चुकविण्याचे दिवसही सुरू होतात. तिशी ओलांडलेली एखादी मुलगी कुणाच्या लग्नाला गेली, की शेवटची अक्षता पडते न पडते तोच चार काकू तिच्याभोवती गोळा होतात. ‘‘आता तुझ्या लाडवांची वाट बघतोय हो!’’ बोलणारीच्या मनात वाईट काही नसते. पण ऐकणारीने ते एका मोसमात दहा वेळा ऐकलेले असते, आणि दहाही वेळा तिला हसावे लागलेले असते.

लग्न करायचे की नाही, हा एक प्रश्न. आणि लग्न कसे व्हावे, हा दुसरा. आपण वडील मंडळी पहिल्याची चौकशी करून करून मुलांना बेजार करतो. दुसऱ्याची मात्र कधी करीत नाही. तो आपल्याला पोरकट वाटतो. नवरा मिळण्याची खात्री नाही आणि म्हणे मांडव कसा हवा! पण गेल्या वर्षभरात ज्या ज्या अविवाहितांशी मी निवांत बोलले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनात हा मांडव आधीपासून घातलेला होता, आणि त्याच्याविषयीची शंकाही तिथेच बसलेली होती. त्यातल्या दोघांविषयी आज लिहिणार आहे. दोघांनाही विचारून लिहिते आहे. नावे मात्र देत नाही.

पहिला माझा दूरचा भाचा. वय एकोणचाळीस, बँकेत नोकरी, स्वभावाने गरीब. आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्यांना तो गेली सहा वर्षे जातो आहे. छातीवर क्रमांकाचा बिल्ला, हातात ध्वनिक्षेपक, आणि अर्ध्या मिनिटात नाव, गोत्र, शिक्षण, पगार व ‘अपेक्षा’ सांगून खाली उतरायचे. ‘‘मावशी, त्या ‘अपेक्षा’पाशी मी दर वर्षी अडखळतो,’’ तो म्हणाला. आमच्या मुली शिकून पुण्याला, बंगळुरूला गेल्या. मुलगे आईवडिलांसाठी मागे राहिले. आणि मागे राहिलेल्या मुलाला पहिला प्रश्न येतो तो ‘पुण्यात घर आहे का?’ हा. मुलींचा तरी दोष कुठे? त्यांनाही नोकरी तिकडेच आहे.

मी त्याला विचारले, ‘‘पण मनात काय आहे तुझ्या? लग्न कसं व्हावं?’’ तो आधी लाजला. मग म्हणाला, ‘‘वाड्याच्या चौकात पंगत. केळीची पानं, वर कापडी मांडव, आणि नानांनी जिलबी वाढायला उभं राहायचं.’’ नाना म्हणजे त्याचे चुलते. माझ्या मुंजीपासूनच्या आठवणीतल्या प्रत्येक कार्यात जिलबीचे ताट त्यांच्याच हातात असे, असे तो म्हणतो. ते आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि काठीवाचून उभे राहू शकत नाहीत. वाडा बिल्डरला द्यायचे ठरले आहे. ‘‘मावशी, मुलगी भेटेलसुद्धा एखादे वेळी. पण भेटेल तेव्हा चौक नसेल आणि नाना नसतील. मग ते लग्न माझंच, पण त्या स्वप्नातलं नव्हे.’’ यावर मला काही बोलता आले नाही. थाटमाटाचे वेड म्हणून आपण ज्याची थट्टा करतो, त्याच्या मुळाशी बऱ्याच वेळा हे एवढेच असते : आपली माणसे हातीपायी धड आहेत तोवर ती एकदा आपल्यासाठी एकत्र यावीत. महेश्वरच्या घाटावर लग्नाआधीची छायाचित्रे काढून घेणारी जोडपी दिसली, की माझ्या कपाळाला आठी पडते, हे कबूल करते. पण या मुलाच्या मांडवाला तसल्या खर्चाचे बोट लावता येत नाही.

दुसरी मुलगी आमच्याच रामबागेतली. तिला मी परकरात पाहिलेली आहे. आता ती छत्तीस वर्षांची आहे आणि महाविद्यालयात शिकविते. वडील जाऊन दहा वर्षे झाली. तिच्या आईने शिवणाचे वर्ग चालवून घर उभे ठेवले. मुलीचे शेवटचे शिक्षण त्या मशीनवरच झाले, असे म्हणायला हरकत नाही. घरी दोघीच असतात.

एका संध्याकाळी ती माझ्या ओसरीवर येऊन बसली आणि म्हणाली, ‘‘मावशी, मला लग्न नको, असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही हो. मला सगळं हवं आहे. मुंडावळ्या, गौरीहर, अंतरपाट, मामानं बोहल्यावर नेणं, सगळं. लहानपणी वहीच्या मागच्या पानावर मी मांडव काढायची. पण त्याच मांडवाची मला भीती वाटते.’’

‘‘भीती कसली?’’

‘‘आईची.’’

मग तिने सांगितले. तिच्या आतेबहिणीचे लग्न होते. महिनाभर रुखवतासाठी तिची आई रात्री जागून शिवत होती. हळदीच्या दिवशी घाणा भरायची वेळ झाली, सवाष्णींना हाका गेल्या, आणि आई हातातली सुई तशीच उशीला टोचून स्वयंपाकघराकडे निघून गेली. ताटे मोजायला. ‘‘तिला कुणी ‘जा’ म्हटलं नाही, मावशी. पण कुणी ‘थांब’ही म्हटलं नाही. आणि मी करवली म्हणून नटून उभी होते. मीसुद्धा म्हटलं नाही.’’

तेव्हापासून तिच्या स्वप्नातल्या मांडवात एक जागा रिकामी दिसू लागली. तिचे लग्न विधिपूर्वक झाले, तर पहिली हळद लावणार काकू, कन्यादान करणार काका-काकू, ओटी भरणार कुणी तरी तिसरीच. आणि जिने हे सगळे करण्याइतकी मुलगी वाढविली, ती ताटे मोजणार. ‘‘म्हणून वाटतं, नोंदणी करावी आणि मोकळं व्हावं. तिथे आईला कुणी हटकणार नाही. पण तिथे तिच्या हातची हळदही नाही.’’

नोंदणी-विवाहाची वाट काही वाईट नाही. 1954 च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस द्यायची, आणि मग अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांच्या सह्यांनी विवाह होतो. त्या तिघांत आईची सही घेता येते. सहीला सौभाग्य लागत नाही. अनेकांनी तो मार्ग समाधानाने पत्करला आहे. परंतु ज्याला विधी हवेत त्याने ते अन्यायाच्या भीतीने सोडावेत, हे मला पटेना. म्हणून मी जरा चौकशीला लागले.

आमच्याकडे वर्षानुवर्षे येणाऱ्या वृद्ध गुरुजींना मी सरळच विचारले, विधवा आईने कन्यादान करावे की नाही? गुरुजी बराच वेळ पंचांगाची पाने चाळीत राहिले. मग म्हणाले, ‘‘बाई, शास्त्राची आडकाठी नाही. लोकांची आहे.’’ आणि त्यांनी याज्ञवल्क्य स्मृतीचा आधार दिला. कन्या कोणी द्यावी याचा क्रम तिथे सांगितला आहे : आधी पिता, मग पितामह, मग भाऊ, मग कुळातला पुरुष, आणि मग आई. आई शेवटी आहे खरी, पण यादीत आहे. आणि पिता हयात नसता ती दान करील, असे म्हणताना ती विधवाच असणार, हे स्मृतिकारांना ठाऊक नव्हते असे थोडेच! एवढेच नव्हे, तर देणारे कोणीच नसेल तर कन्येने योग्य वर स्वतः निवडावा, असेही पुढे म्हटले आहे. छत्तीस वर्षांच्या, स्वतःच्या पगारावर घर चालविणाऱ्या मुलीला ही परवानगी बरीच उशिरा मिळते आहे, पण मिळते आहे.

कायदा तर याहून मोकळा आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात वधू किंवा वर यांच्यापैकी कोणाच्याही घरच्या रूढीप्रमाणे विवाह करता येतो, आणि जिथे सप्तपदी असते तिथे सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. कन्यादानावाचून विवाह अडत नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये म्हटले. त्याच्या पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसरी बाजू सांगितली : हिंदू विवाह म्हणजे गाणीबजावणी आणि खाणेपिणे नव्हे, आवश्यक विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने या कायद्याखालचा विवाह सिद्ध होत नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले, की आमच्या मुलीचा मांडव नीट उभा राहतो. सप्तपदी हवी, आणि ती तर तिला हवीच आहे. बाकी हळद कोणाच्या हातची, ओटी कोणाच्या हातची, हे ना कायद्याने ठरविले आहे, ना तिच्या गुरुजींच्या पोथीने. ते आपण बायकांनी ठरविले आहे.

आणि हे इंदुरात बसून लिहिताना मला संकोच वाटतो. आमच्या विमानतळाला नाव अहिल्याबाईंचे, विद्यापीठाला नाव अहिल्याबाईंचे, राजवाड्यासमोर पुतळा त्यांचा. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले, तेव्हा अहिल्याबाईंचे वय तिशीच्या आतले. पुढे 1767 ते 1795 पर्यंत त्यांनी राज्य केले, घाट बांधले, देवळे उभी केली. चोर-पुंडांचा बंदोबस्त जो करील त्याला आपली मुलगी देईन, असे त्यांनी जाहीर केले आणि त्याप्रमाणे यशवंतराव फणसे यांना मुक्ताबाई दिली, अशी कथा आमच्याकडे मुलांना सांगतात. कथेतला तपशील काही असो. मुलीचे लग्न ठरविणारी, तिला देणारी ती आई विधवा होती, हे सांगताना कोणाची जीभ अडखळत नाही. 2025 मध्ये त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली तेव्हा आम्ही हार घातले. हार घालून घरी आलो आणि हळदीच्या वेळी शेजारच्या बाईला स्वयंपाकघरात जाऊ दिले.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये ग्रामपंचायतीत ठराव केला, की पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. महाराष्ट्र सरकारने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. एका लहानशा गावाला जे सुचले ते आम्हा शहरवाल्यांना, पुरणपोळीबरोबर पुरोगामीपणा वाढणाऱ्यांना, सुचू नये!

असो. दुसऱ्याला बोल लावण्याआधी स्वतःचे सांगितले पाहिजे. 1998 मध्ये माझ्या मुलीचे लग्न झाले. माझ्या धाकट्या जावेचे यजमान आदल्या वर्षी गेले होते. मुलीची ओटी भरायची वेळ आली. सगळ्याजणी ओळीने बसल्या होत्या. जाऊ दाराशी उभी होती. मी तिच्याकडे पाहिले, तिने माझ्याकडे पाहिले, आणि मी ताट पुढच्या बाईकडे सरकविले. माझ्या मुलीला न्हाऊमाखू घातलेले ते हात होते. जाऊ आजही माझ्याकडे येते, लोणच्याची बरणी आणते, त्या दिवसाचा उल्लेख तिने कधी केलेला नाही. मीच तो केला नाही, हे जास्त खरे. हे लिहून झाल्यावर अंक छापून येण्याआधी मी तिच्याकडे जाणार आहे.

तर मी मुलीच्या आईकडे गेले. याज्ञवल्क्य सांगितला, कायदा सांगितला. तिने सगळे ऐकून घेतले, चहा केला, आणि म्हणाली, ‘‘ताई, तुमचं सगळं खरं असेल. पण उद्या तिच्या संसारात काही कमीजास्त झालं, तर लोक म्हणतील, आईनं हळद लावली होती. लोकांचंही सोडा. माझ्या मनात आल्यावाचून राहील का?’’

या प्रश्नापाशी स्मृती आणि निकाल दोन्ही थांबतात. ज्या बाईने दहा वर्षे मशीनच्या चाकावर घर पेलले, तिच्या मनात आपलेच हात अशुभ असल्याची धास्ती कोणी घातली? एका दिवसात कोणी घातली नाही. प्रत्येक कार्यात थोडी थोडी घातली, मीही त्यातलीच एक. मी एवढेच म्हटले, ‘‘तुमच्या लग्नात तर सगळ्या सवाष्णींनीच हळद लावली होती ना?’’ ती गप्प राहिली. माझे बोलणे कठोर झाले, असे मला घरी आल्यावर वाटले.

मुलीने मात्र आपल्यापुरते ठरवून टाकले आहे. आता एखादे स्थळ आले, की पत्रिकेच्या आधी ती एक गोष्ट सांगते : ‘‘माझ्या लग्नात पहिली हळद आई लावील आणि कन्यादानाला तीच बसेल. चालेल का?’’ पुण्यात स्त्रिया पौरोहित्य करू लागल्या त्याला बरीच वर्षे झाली. ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थेने विधींचा अर्थ मराठीतून सांगत लग्ने लावण्याचा परिपाठ घातला. तसे कोणी मिळाले तर उत्तमच, असेही ती म्हणते. या प्रश्नापायी आतापर्यंत तीन स्थळे परत गेली. एकांनी स्पष्ट नकार दिला, ते बरे. दुसऱ्यांनी पत्रिका जुळत नाही म्हणून कळविले, जी आठ दिवसांपूर्वी जुळली होती. तिसरे फारच सज्जन. ‘‘आमचं काही म्हणणं नाही हो, पण आमच्या आत्याबाई जुन्या वळणाच्या आहेत.’’ या आत्याबाई प्रत्येक घरात असतात. मला त्यांना एकदा भेटायचे आहे. माझा असा संशय आहे, की पुष्कळ घरांतून त्या हयातही नसतील.

तीन स्थळे ही छत्तीसाव्या वर्षी थोडी नव्हेत. मी तिला विचारले, ‘‘अशानं लग्नच राहिलं तर?’’ आत्याबाईंचा आवाज मला माझ्याच तोंडून ऐकू आला, पण प्रश्न खोटा नव्हता. ती जरा थांबून म्हणाली, ‘‘राहील, मावशी. मला वाईट वाटेल. खूप वाटेल. रात्री मनात येतंही, की एवढ्याशा गोष्टीसाठी मी हट्ट धरते आहे का? पण आई ताटं मोजते आहे आणि मी बोहल्यावर हसते आहे, असा फोटो मला आयुष्यभर भिंतीवर लावायचा नाही.’’

एवढ्यात दिवाळी झाली. द्वादशीला आमच्या वाड्यात तुळशीचे लग्न होते. उसाचा मांडव, आवळे-चिंचा, बाळकृष्ण ताम्हनात, सगळे दर वर्षीचे. अंतरपाट धरायला दोन पोरे भांडत होती. यंदा जिलब्यांची जबाबदारी मी मुद्दाम त्या बँकेतल्या भाच्याकडे दिली होती, आणि तो नानांना रिक्षातून घेऊन आला. नाना खुर्चीवर बसले, ताट मांडीवर, आणि येईल त्या पोराच्या हातावर एकेक जिलबी ठेवू लागले. कोणी दुसऱ्यांदा आले तर ओळखतही होते. भाचा त्यांच्या मागे खुर्चीची पाठ धरून उभा होता.

तुळशीला हळद लावायची वेळ झाली. वाटी माझ्या हातात होती. सत्तावीस वर्षांपूर्वीचे ताट आठवले. मी काही न बोलता ती वाटी मुलीच्या आईपुढे धरली. बायका बोलायच्या थांबल्या. तिने एकदा मुलीकडे पाहिले. मुलगी पणत्यांत तेल घालीत होती. तिने मान वर केली नाही, पण तेल पणतीबाहेर सांडले. आई वाटीकडे पाहत उभी राहिली. मला वाटले, आता ही ‘ताटं बघते’ म्हणून जाणार. तेवढ्यात नाना खुर्चीवरून ओरडले, ‘‘अहो, मुहूर्त टळतोय, लावा की कुणी तरी!’’ त्यांना बिचाऱ्यांना काय चालले आहे ते दिसतही नव्हते. तिने दोन बोटे वाटीत बुडविली आणि तुळशीच्या बुंध्याला हळद लावली. मग पानांना लावली. मग, माझ्या हातातून वाटीच घेऊन, जरा जास्तच लावली.

चार दिवसांनी सकाळी ती माझ्या दारात आली. तिच्या लग्नातला शालू पेटीत आहे, कित्येक वर्षांत उघडलेला नाही. जरीला काळपटपणा आला असेल, कसर लागली असेल, तर उन्हात घालावा की सावलीत, असे ती विचारीत होती. मी म्हटले, सावलीत, आणि उलटा करून. ती जिना उतरता उतरता थांबली. ‘‘स्थळ काही नाही हो अजून,’’ ती म्हणाली. ‘‘उगीच. ऊन चांगलं आहे म्हणून.’’ आणि मग थोड्या वेळाने वरून लवंगा मागायला मुलीला पाठविले. शालूच्या घडीत ठेवायला.